एकास बहात्तर

"नाव सांगा. मोबाईल नंबर. कुणाला भेटायचंय?
इकडे कॅमेऱ्यात बघा."
दिवसातून दोनशे वेळा हे म्हणतो मी
महापेच्या एका काचेच्या इमारतीत, तळमजल्यावर,
आणि समोरच्याला मनात बहात्तरने भागतो.
साडेपाच फुटांचा माणूस : तेवीस मिलिमीटर.
बोटाच्या पेराएवढा.
काल एक बाई आल्या, पासला उशीर झाला म्हणून
टेबलावर हात आपटला त्यांनी.
चोवीस मिलिमीटर, टाचा धरून.
मग राग येत नाही.

घरी, दिवागावात, रंजिताचं शिलाईचं मशीन मिटलं
की त्याच फळीवर मी होडी बांधतो.
दुकानात किट मिळतात, रणगाडे, विमानं,
कुठल्या तरी युद्धात बुडालेली जहाजं.
रेतीच्या होडीचं किट कोण काढणार?

नोकरी सोडून गेलेल्यांची कार्डं माझ्याकडे जमा होतात.
रजिस्टरच्या रकान्यात छापलंय : कापून नष्ट करणे.
कापतो. कसं कापायचं ते छापलेलं नाही.
पाऊण मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक,
गरम पाण्यात धरलं की फळीसारखं वळतं.
होडीच्या पोटात डोकावून पाहिलंत
तर दिसेल एक कान, चष्म्याची काडी,
'रक्तगट बी पॉझि',
कुणाचं तरी अर्धं हसू.
बाहेरून डांबराचा काळा हात दिला,
सगळे एकाच होडीतले.

पवळे सुपरवायझरांनी एकदा काडेपेटी पकडली.
"ड्युटीवर बिडी?"
उघडली. आत तांदळाएवढी वल्ह्याची खुंटी,
पॉलिश पेपरचा तुकडा.
"हे चालणार नाही," म्हणाले,
लिफ्टपर्यंत गेले, परत आले.
"शिडाची का इंजिनाची?"

रिलीव्हर आला नाही तर चोवीस तास.
त्या रात्री ब्रश धरायचा नाही, हा नियम.
एकदाच मोडला. डोलकाठी अजून
जरा ऐरोलीकडे कललेली आहे.

बाबा डुबी मारायचे.
खाडीत बांबू रोवायचा, त्याला धरून तळाशी जायचं,
लोखंडी बादली भरायची, दोर हलवायचा, वर यायचं.
पुन्हा खाली.
डाव्या कानाने तेव्हापासून ऐकू येत नाही त्यांना.
मी माप विचारलं, होडी किती लांब होती?
म्हणाले, "तीन मानसं निजतील.
चवथ्याला कूस बदलता येनार नाय."
त्यावरून मी नकाशा काढला.

पाणी सगळ्यात शेवटी.
दोन बाटल्यांचं मिश्रण, सावकाश ओतायचं,
एक बुडबुडा राहता कामा नये,
मग दिवसभर हात लावायचा नाही.
पहिल्या थराला बाबांनी नखाने टकटक केलं.
"लय साफ झालंय. आपलं पानी असं कदी होतं?"
दुसऱ्या थरात तपकिरी रंग घातला, चिमूटभर राख.
"आजून."
अजून घातला.

तळाशी मी एक माणूस लावला होता,
तेवीस मिलिमीटर, कमरेला लंगोट, हातात बादली.
तीन आठवडे गेले होते त्याच्या बोटांवर.
तो दिसेनासा झाला.
वर फक्त बांबू उरला, आणि ताणलेला दोर.
मी म्हटलं, गेली मेहनत पाण्यात.

बाबा काही बोलले नाहीत.
उजवा कान जवळ नेला, बराच वेळ
त्या घट्ट झालेल्या खाडीवर धरला.
मग वर न बघता विचारलं,
"कवरा येल झाला रं, खाली जाऊन?"

आणि मी, सवयीने,
घड्याळात पाहिलं.